एका झाडाचं आढं

ठकूबाई झोपलेली नाही, तिनं फक्त पाठ टेकलीय. दुपारचं जेवण झाल्यावर घोंगडी टाकून घडीभर आडवं व्हायचं, याला तिच्या घरात झोप म्हणत नाहीत. झोपतात ती आळशी माणसं, आणि ठकूबाईला आळशी म्हणणारं तोंड उतेकरांच्या वाडीत अजून जन्माला यायचंय. रोज ती सोप्यात पडते. आज मुद्दाम माजघरात पडलीय, बरोबर आढ्याखाली. कुणी करवत घेऊन आलंच तर आधी तिला ओलांडावं लागेल.

पापण्या जड होतात, पण ती फट ठेवते. फटीतून आढं दिसतं. घराच्या माथ्यावरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्ही उतारांचे वासे ज्याच्या अंगाखांद्यावर बसलेत ते आढं. घर सात खणांचं, आणि सातही खणांवर एकच लाकूड. एका झाडाचं. घाटमाथ्यावर असं दुसरं दाखवा, मी माझ्या नाकातली नथ काढून देते, असं ठकूबाई पन्नास वर्षं सांगत आलीय. नथ अजून नाकातच आहे.

भाऊ भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध कूड घातला. कारवीच्या काठ्या उभ्या केल्या, आडव्या विणल्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली. अलीकडं ठकूबाई, पलीकडं तिची धाकटी जाऊ सुंदरा. कूड माणसाच्या डोक्याच्या वर हातभर गेला आणि थांबला. त्याच्यावर सगळं मोकळंच. इकडचा धूर तिकडं, तिकडचं बोलणं इकडं. शेजारी आज कसली फोडणी पडली हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. भांडी वाटली, ताटं वाटली, उंबऱ्याबाहेरचं जांभळाचं झाड वाटलं. आढं वाटलं नाही. एका झाडाचं लाकूड वाटणार कसं?

सुंदराला जाऊन दोन पावसाळे झाले. अलीकडं आता ठकूबाई एकटीच, पलीकडं सुंदराची सून नंदा राहते. नंदाचा नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा उगवतो. त्यामुळे पाडायचं, बांधायचं सगळं हिच्या गळ्यात. पलीकडच्या खांबांची बुडं वाळवीनं पोकळ केली. लाथ मारली तर पाय आत जाईल अशी गत. नंदानं कौलं उतरवली, वासे काढले, बाहेरचे कूड पाडले. आता तिथं विटेची भिंत येणार, वर पत्रा येणार. मिरग तोंडावर आलाय आणि नंदा पोरीला घेऊन ताडपत्रीखाली राहतेय. अडलंय ते एका जागी. तिच्या उघड्या घरावरनं अर्धं आढं अजून आभाळात गेलंय, आणि मधल्या कुडाशी ते कापल्याशिवाय तिची भिंत उठत नाही.

सकाळी बाळकू सुतार करवत घेऊन आला तेव्हा ठकूबाई दारात आडवी उभी राहिली.

"आढ्याला करवत लागली की घराचं नाव बुडतं. लावायचीच आसंल तर आधी माझ्या मानेला लाव."

"आजी, तुमची मान कापून मला काय उपेग? त्याची चौकट बी व्हायची न्हाई," बाळकू म्हणाला.

नंदा हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि सरळ बघत म्हणाली, "थोरल्या आत्या, आज तुमी व्हय म्हनला न्हाई, तर म्या पोरीला घेऊन म्हायेरी जाते. इटा पडू द्यात हितंच. ऊन कललं की बाळकूदादा परत येतील. तवर काय ते सांगा."

"जा की. धरलंय कुणी?"

असं ठकूबाई म्हणाली होती. वाक्य फाडकन तोंडातून गेलं, पण अजून माजघरातनं बाहेर गेलेलं नाही. फट मिटते.

"आक्का, मीठ हाय का गं?"

आवाज कुडावरनं येतो.

"हाय. पन द्यायचं न्हाई."

"मूठभरच."

"परवाच नेलंस. खातीस का अंगाला चोळतीस?"

हे सवयीनं बोलून होतं आणि मग ठकूबाईच्या ध्यानात येतं.

"सुंदरे, तू मेलीस की गं."

"मेले म्हून काय आळणी खाऊ?"

ठकूबाई मान वर करते. सुंदरा कुडापलीकडं नाहीच. ती आढ्यावर बसलीय, पाय खाली सोडून, हिरवं पातळ गुडघ्यांत खोचून. तोंड नव्या नवरीचं आणि हात म्हातारीचे. पायांत जोडवी आहेत, ती हलतात तेव्हा वाजत नाहीत.

"उतर खाली. आढ्यावर बसतात व्हय? घराला काय रीतभात हाय का न्हाई?"

"तू वर ये."

"थोरल्या सुनेनं माळ्यावर चढायचं न्हाई."

ही उतेकरांची रीत. माळ्यावर चढून शिमग्याच्या आधी आढ्याची जळमटं झाडायची, वासे झाडायचे, ते काम धाकटीचं. थोरलीनं खाली उभं राहून "तिकडं राहिलं, हिकडं राहिलं" एवढं सांगायचं. ठकूबाईनं ते काम कधी चुकवलं नाही.

"सांगनारी सासू गेली," सुंदरा म्हणते, "बघनारी जाऊ गेली. आता कुणाला दाखवतीस थोरलेपन?"

शिडी तिथंच आहे. ठकूबाईला गुडघे दुखायची आठवण राहत नाही. पहिली पायरी लाकडाची. दुसरी ओली. तिसरी दगडाची, नदीच्या घाटाची, आणि तिच्यावर कुणाचं तरी धुणं पडलंय. चौथ्या पायरीवर पाय ठेवते तर पायाखाली पाचोळा वाजतो. रान आहे. उभी झाडं आहेत, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, माणसं दोर ओढताना हाळी देतायत आणि कुठलंच माणूस दिसत नाही. आणि डोक्यावरनं, झाडांच्या शेंड्यांमधनं, घरातलं आढं गेलंय. काळं, जाड, या टोकाचं त्या टोकाला.

"हे कुणाचं?" दोर ओढणारा आवाज विचारतो.

"आमचं," ठकूबाई म्हणते. "उतेकरांचं. एका झाडाचं हाय."

मागं सुंदरा पदराचं टोक दातांत धरते.

रानात पाट मांडलेले आहेत. पाटांवर बायका बसल्यात, पाव्हण्या. मधे गुळाचं ताट. सुंदराच्या माहेरची माणसं घर बघायला आलीत, आणि ठकूबाई वीस वर्षांची आहे, तिच्या हातात पाण्याचा तांब्या आहे. सुंदराची आई कूड चाचपून बघते, खांब बघते, तोंड वाकडं करते. पोरगी द्यावी का न द्यावी असं ते तोंड. ठकूबाई तांब्या पुढं करता करता वाकते आणि त्या बाईच्या कानात सांगते, "वर बघा. सात खणांवर एक झाड हाय. अशा आढ्याखाली लेक देताय तुमी." बाई वर बघते. तोंड सरळ होतं. गुळाचा खडा उचलते.

"त्या खड्यावर मला दिली," सुंदरा तिच्या कानाशी म्हणते.

"मग? वाईट सांगितलं?"

सुंदराला हसू आवरत नाही, म्हणून ती बसच्या खिडकीबाहेर बघते. बस म्हणजे साताऱ्याची एसटी. आढं टपाच्या खालनं पुढच्या काचेपर्यंत गेलंय आणि उभी असलेली माणसं त्याला धरून लोंबकळतायत. कंडक्टर चिमटा वाजवत येतो.

"या लाकडाचं तिकीट कुणी काढायचं?"

"म्या काढते. आमचं हाय."

"एक का दोन?"

"एकच. एका झाडाचं हाय ते."

कंडक्टर तिच्याकडं बघत नाही. तो सुंदराकडं बघतो, जसं काही खरं उत्तर तिच्याकडंच आहे. सुंदरा मान खाली घालते. कंडक्टर एक तिकीट फाडतो, हळूच दुसरंही फाडतो, आणि दोन्ही सुंदराच्या हातात देतो.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?" ठकूबाई भडकते.

बसमधे औषधांचा वास येतो. खिडक्यांना हिरवे पडदे आहेत. लोखंडी खाटांची रांग आहे, आणि शेवटच्या खाटेवर सुंदरा पडलीय, मुठीएवढी झालेली. सलाईनची बाटली आढ्याला टांगलीय. दुसरी सुंदरा, हिरव्या पातळातली, ठकूबाईच्या शेजारी उभी राहून त्या खाटेवरच्या सुंदराकडं बघते, बाजारात कुणाची शेळी बघावी तशी.

"लई वाळले हुते गं म्या."

"खात न्हवतीस. पेज करून आणली हुती म्या, तर थुकलीस."

"आळणी हुती."

नर्स बाटली बदलायला येते. ठकूबाई तिला सांगते, "बाई, जरा जपून बांधा. एका झाडाचं आढं हाय ते." नर्स म्हणते, "हो का आजी? छान." खाटेवरच्या सुंदराचं तोंड वाकडं होतं.

"तवा तू तोंड वाकडं केलंस," ठकूबाई म्हणते. "मला वाटलं दुखतंय."

"दुखत बी हुतं."

"आन?"

"आन हसू बी येत हुतं."

आता ठकूबाईच्या कपाळाची शीर उठते. तिला हसणाऱ्या माणसाला वाडीत पाणी मिळत नाही. "हसायला काय झालं? सांग. मेलीस म्हून सोडनार न्हाई तुला."

"बस हितं," सुंदरा म्हणते.

त्या दोघी आढ्यावर बसलेल्या आहेत, घोड्यावर बसावं तशा. डोक्यावर छप्पर नाही, ऊन आहे, पण ते भाजत नाही. ठकूबाईच्या अंगाखाली तिचं घर, कौलांचं. समोर सुंदराच्या अंगाखाली उघडं घर. तिथं ताडपत्रीखाली नंदा बसलीय. पोरीचे फ्रॉक एकेक करून पिशवीत घालतेय. एक घालते, काढते, परत घडी करते, परत घालते.

"नंदे!" ठकूबाई हाक मारते. नंदा वर बघत नाही.

"तिला ऐकू जायाचं न्हाई. तू हितं हात घाल."

सुंदरा तिचं मनगट धरते. मधल्या खांबाच्या डोक्याशी, कुडाच्या जरासं अलीकडं, ठकूबाईच्याच अंगाला, सुंदरा तिची बोटं आढ्यावर ठेवते. लाकूड काजळीनं गुळगुळीत झालंय, काळ्या शिसवासारखं. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

"जळमटं निघत्यात, काळं न्हाई निघत," सुंदरा म्हणते. "बघून न्हाई कळायचं. बोट फिरव. काय लागतंय?"

"काय न्हाई."

"आक्का."

"चीर लागतीय."

"सरळ का तिरकी?"

"तिरकी."

"आन हिकडं?"

बोटाखाली एक गोल येतो. रुपयापेक्षा लहान. कुणीतरी लाकडात लाकूड ठोकलंय.

"खुंटी," ठकूबाई म्हणते. म्हटल्यावर तिला तो शब्द परत गिळावासा वाटतो, पण तो गेलेला असतो.

"दोन झाडं हायती. तुझ्या अंगाचं ऐनाचं, माझ्या अंगाचं किंजळाचं. एवढं लांब झाड तवा बी मिळालं न्हाई कुणाला. आपल्या आजेसासऱ्यांनी दोन आणली, तिरकी कापली, एकावर एक निजवली आन खुंटी मारली."

"खोटं."

"बोट तुझं हाय."

"सासूबाईंनी मला सोत्ता सांगितलं हुतं."

"त्या बी थोरल्याच की. वर कवा चढल्या? थोरल्यांनी खाली मिरवायचं, धाकल्यांनी वर झाडायचं, दर पिढीला हेच. मला धाकल्या चुलतसासूनं दाखवलं. म्हनली, बोटाला लागलं ते तोंडाला येऊ देऊ नकोस, पोरी."

ठकूबाई बोट काढत नाही. ती चिरेवरनं ते पुढं नेते, मागं आणते. पाव्हण्या, सोयरे, ग्रामसेवक, मतं मागायला आलेली माणसं, शाळेतली बाई. प्रत्येकाला तिनं वर बघायला लावलंय. आणि दर वेळी सुंदरा तिथं होती. पाण्याचा तांब्या घेऊन, नाहीतर कुडापलीकडं.

"पन्नास वर्सं?" ती विचारते.

"पन्नास वर्सं."

"आन तू गप?"

"गप."

"अगं भांडनात तरी बोलायचंस! त्या कोंबडीवरनं भांडलो तवा म्या तुझ्या सात पिढ्या काढल्या. तुझा बाप काढला. तवा एवढं एक वाक्य टाकलं असतंस तर म्या जाग्यावर बसले असते."

"लई येळा जिभंवर आलं." सुंदरा म्हातारीच्या हातांनी हिरवं पातळ सारखं करते. "मग वाटायचं, हे बोलले तर ही पुन्यांदा माझ्याशी भांडायची न्हाई. मग दिसभर करायचं काय?"

ठकूबाई नजर वळवते. खाली नंदानं पिशवीची चेन ओढलीय, ती मधेच अडकते.

"सुनंची वकिली कराय आलीस व्हय?" ठकूबाई शेवटी म्हणते.

"छे गं. ती तुला तोंडाला तोंड देती, तिला वकील कशाला? म्या माझं झाडाय आले. सवय."

"ती म्हायेरी जाते म्हनती."

"आन तू काय म्हनलीस?"

"जा म्हनलं."

"मग भांडशील कुणाशी?"

वारा येतो. आढं हलत नाही, पण त्याच्या आतून काहीतरी कुरकुरतं. ठकूबाई खाली बघत बोलते, आवाज बारीक करून, जसा तिनं कुणासमोर कधी केलेला नाही. "तिची भित इटांची व्हनार. पार पत्र्याला भिडनार. मग काय ऐकू येनार न्हाई. पोरगी रडली, हासली, फोडनी पडली, काय बी कळनार न्हाई. तू गेलीस तरी तिकडनं आवाज तरी येत हुता."

"मग तसं सांग की तिला. त्या बिचाऱ्या लाकडाला कशाला मधी घालतीस?"

"म्या सांगू? म्या?"

"न्हाई, कंडक्टरला सांगायला सांग."

ठकूबाईला हसू येतं, आणि ते लपवायला तिच्या दातांत पदर नाही, कारण तो तिनं कधी तसा धरलेला नाही. ती तोंड उघडं टाकून हसते. सुंदराही हसते. जोडवी हलतात.

"ऐक आता," सुंदरा म्हणते, "खुंटी चुलीकडनं ठोकायची. सोप्याकडं निघती. उलटी ठोकली तर फुगून बसंल, मग करवतीशिवाय इलाज न्हाई. आन खुंटी तुझ्या अंगाला हाय. तुझ्या घरात शिडी लावल्याबिगर कुणाचा हात पोचायचा न्हाई. कळलं?"

"मला शिकवतीस?"

"दाब."

"आता?"

"आंगठ्यानं दाब."

ठकूबाई अंगठा त्या गोलावर ठेवते. लाकूड थंड आहे. ती दाबते, आणि खुंटी हलते. पोराचा दुधाचा दात हलतो, तशी. आणखी दाबते. अंगठ्याच्या मांसात गोल रुततो. मग पलीकडून काहीतरी सुटतं, आणि दोघींच्या मधे आढं उघडतं. तिरकं, हळूच, चोच उघडावी तसं. आत लाकूड पिवळं आहे, ताजं, काल तासल्यासारखं. कधी धूर न लागलेलं.

ठकूबाई डोळे घट्ट मिटते आणि आवाजाची वाट बघते. घर पडायचा आवाज. कौलं फुटतील, वासे घसरतील.

काही पडत नाही. ती डोळे उघडते. तिचं आढं तिच्या खांबावर बसलंय. सुंदराचं सुंदराच्या अंगाला. मधल्या फटीतनं ऊन खाली माजघरात पडतंय. फट रुंद होते. सुंदराचा अर्धा भाग तिच्यासकट मागं सरकतो, पाण्यात होडी सरकावी तसा, आणि तिचं नवरीचं तोंड लहान होत जातं.

"सुंदरे, थांब! म्या अजून बोलले न्हाई!"

"मला ठाऊक हाय ते! पाय सांभाळ आक्का, तुला वर बसायची सवय न्हाई!"

आणि खरंच, ठकूबाईचा पाय सुटतो.

घोंगडी. थंड जमीन. डोकं भिंतीकडं. कुणीतरी दाराशी खाकरतंय.

बाळकू सुतार उंबऱ्यात उभा आहे, करवत खांद्याला. त्याच्या मागं नंदा, पिशवी हातात, पोरगी कडेवर. ऊन कललंय.

"आजी, झोपला हुता?"

"पाठ टेकली हुती." ठकूबाई उठून बसते, केस मागं घेते, नथ सरळ करते. "करवत भाईर ठेव."

नंदा ओठ आवळते. "बरं, आत्या. कळलं. मग आमी निघतो."

"आधी ती पिशवी खाली ठेव. बोलनं पुरं ऐकायची पद्धत न्हाई का तुमच्या म्हायेरी?" ठकूबाई खांबाला धरून उभी राहते. "बाळकू, शिडी आन. हितं लाव, मधल्या खांबाला. लाकडाची मोगरी हाय ना तुझ्याकडं? आढ्यात खुंटी हाय. चुलीकडनं ठोकायची, सोप्याकडं निघंल. उलटी ठोकलीस तर तुझा हात मोडून ठेवीन."

"खुंटी कसली आजी? एका झाडाचं..."

"चढ."

बाळकू चढतो. वर काळोखात त्याचे हात चाचपतात. मग वरून आवाज येतो, "आयला! सांधा हाय की हितं! आन काय बसवलाय!"

"मग? मला कशाला सांगतोस?"

नंदा वर बघते, मग ठकूबाईकडं. "आत्या, तुमाला ठाऊक हुतं?"

"थोरली सून हाय म्या या घराची."

"मग सगळ्यांना एका झाडाचं म्हून..."

"सांगत हुते. न्हाईतर तुझ्या सासूला हितं दिली असती का कुणी?" ठकूबाई हनुवटी वर करते. "आन ऐक. तुझ्या अंगाचं लाकूड किंजळाचं हाय. चुलीत घालायचं न्हाई. नव्या घराच्या चौकटीला घे. वाळवी त्याला शिवली न्हाई, तुझ्या इटांना काय सांगता येत न्हाई."

"व्हय, आत्या."

"आन मधली भित बांधशील, तिला वरच्या अंगाला झरोका ठेव. चांगला हातभर."

"झरोका कशाला?"

"मांजराला जाया-याया लागतं."

नंदा पिशवी खाली ठेवते. "आपल्याकडं मांजर कुठाय?"

"आनू."

नंदा तिच्या तोंडाकडं बघते. मग पहिल्यांदा तिच्या गालात काहीतरी हलतं, आणि ते लपवायला ती पदराचं टोक दातांत धरते. ठकूबाई झटकन दुसरीकडं बघते.

वर मोगरीचा पहिला ठोका पडतो. ठण्ण नाही, दबका, लाकडाचा लाकडावर. घरभर जातो. मग दुसरा.

"हां, तितंच, जरा डावीकडं," ठकूबाई बोट वर करून सांगते. अंगठा उघडा राहतो आणि दारातलं ऊन त्याच्यावर पडतं.

"आत्या, आंगठ्याला काय लागलं तुमच्या?"

ठकूबाई हात डोळ्यांजवळ आणते. अंगठ्याचं पेर काजळीनं काळं झालंय, जुन्या, तेलकट, बोटाला चिकटून राहणाऱ्या काजळीनं. तिची चूल सकाळच्या स्वयंपाकानंतर पेटलेली नाही. आणि त्या काळ्याच्या मधोमध, मांसात खोल, एक गोल उमटलाय, रुपयापेक्षा लहान. अजून भरून आलेला नाही.

वर तिसरा ठोका पडतो. सोप्याच्या अंगाला काहीतरी टपकन जमिनीवर पडतं.

ठकूबाई अंगठा मुठीत घेते आणि मूठ पदराखाली.